स्टेम सेलने त्वचा उगवते, मग केस का उगवत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाच्या डोक्याला लहानपणी भाजलं होतं, तिथे तळहाताएवढा गुळगुळीत व्रण राहिलाय आणि त्यावर एकही केस नाही. तुमचे स्वतःचे केस दोन-तीन वर्षांपासून पुढून विरळ होत चाललेत. मध्येच लॅबमध्ये स्टेम सेलपासून केसांसकट त्वचा उगवल्याची बातमी वाचलीत, आणि त्याच सुमारास एका क्लिनिकने स्टेम सेल इंजेक्शनचं पॅकेज सांगितलं, कोट्यवधी पेशी टोचणार म्हणे. तर दोघांनी हे करावं का.

मी भाजलेल्या पेशंटसाठी लॅबमध्ये त्वचेच्या पेशी वाढवायचं काम करते, बरीच वर्षं तेच चाललंय, आणि त्या निमित्ताने केसांच्या मुळांवर काम करणाऱ्यांशीही रोजचा संबंध येतो. आधी सरळ उत्तर देऊन टाकते: पॅकेज दोघांनीही घेऊ नका. भावासाठी करण्यासारखं बरंच आहे पण ते सर्जरीचं आहे, स्टेम सेलचं नाही. तुमच्यासाठी आधी निदान, मग औषध. आणि ती बातमी मात्र खरी आहे, खोटी नाही, फक्त ती आणि क्लिनिकचं पॅकेज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आता हे असं का ते सांगते, थोडं लांबेल.

त्वचेला मुख्य दोन थर. वरचा पातळ एपिडर्मिस, कागदाइतका जाड, आणि खालचा डर्मिस, तो जाड, कोलॅजन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचा, त्यातच रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं रुतलेली. एपिडर्मिसच्या अगदी तळाच्या ओळीत स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवत राहणाऱ्या मूळ पेशी, बसलेल्या असतात, त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकत जातात, मरतात आणि कोंड्यासारख्या झडून जातात, साधारण महिन्या-दीड महिन्यात हा फेरा पूर्ण होतो. म्हणजे त्वचा रोजच स्वतःला नव्याने बनवत असते, आपण काही न करता. वरवर भाजलं तर म्हणूनच डाग न राहता भरून येतं. थोडं खोल भाजलं, वरचा थर सगळा गेला, तरी केसांच्या मुळांमध्ये आणि घामाच्या नळ्यांमध्ये काही स्टेम सेल खाली जिवंत असतात, त्या वर चढून येतात आणि जखम झाकतात. पण भाजणं डर्मिसच्या तळापर्यंत गेलं की ही खालची शिल्लकही संपते, मग जखम फक्त कडेकडेने भरते, आकसते, आणि मध्ये व्रण तयार होतो. भावाच्या डोक्यावर नेमकं हेच झालंय. तिथे केस झोपलेले वगैरे नाहीत, मुळंच नाहीत.

अशा खोल जखमेवरचा नेहमीचा उपाय म्हणजे ग्राफ्ट. मांडीवरून किंवा पाठीवरून एपिडर्मिस आणि डर्मिसचा थोडासा भाग असा पातळ पापुद्रा काढायचा, जाळीसारखा ताणायचा आणि जखमेवर लावायचा. जिथून काढला ती जागा दोन आठवड्यांत भरते, कारण तिथल्या केसांची मुळं खाली शाबूत असतात. (डोक्याची त्वचा यासाठी फार उत्तम, मुळं खोल असतात म्हणून पटकन भरते, पुन्हा पुन्हा काढता येते आणि केसही परत येतात. नातेवाईक मात्र डोक्यावरून काढायचं म्हटलं की घाबरतात.) अडचण कधी येते, तर शरीर ऐंशी-नव्वद टक्के भाजलं असेल तेव्हा, कारण मग काढायला जागाच उरत नाही. दुसऱ्याची त्वचा लावली तर काही आठवड्यांत शरीर ती टाकून देतं. त्वचेच्या बाबतीत शरीर फार कडक असतं.

इथे लॅबची गरज पडली. १९७५ मध्ये हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या एपिडर्मिसच्या पेशी डिशमध्ये वाढवून दाखवल्या. त्याआधी त्या थोड्या वाढायच्या आणि थांबायच्या. यांनी खाली उंदराच्या पेशींचा एक थर ठेवला, रेडिएशन देऊन त्या पेशींचं विभाजन बंद केलेलं, म्हणजे त्या स्वतः वाढत नाहीत पण वरच्या पेशींना हवे ते सिग्नल देत राहतात. एवढ्या एका गोष्टीने पेशी वाढतच राहिल्या. मग १९८३ मध्ये अमेरिकेत दोन लहान भाऊ ९५ टक्क्यांहून जास्त भाजले, त्यांच्या शिल्लक राहिलेल्या जराशा त्वचेपासून ग्रीनच्या लॅबने पापुद्रे वाढवले, शरीराचा साधारण अर्धा भाग त्याने झाकला आणि दोघं वाचले. आजही आम्ही थोड्याफार फरकाने तेच करतो. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा घ्यायचा, एन्झाइमने पेशी सुट्या करायच्या, वाढवायच्या, आणि तीन-चार आठवड्यांत त्यातून हजारो पट क्षेत्रफळ तयार होतं. हे ऐकायला जादूसारखं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही वाटतं.

पण हाती येतं ते काय? पाच-सहा पेशींच्या जाडीचा एक पारदर्शक, ओला पापुद्रा, जो नुसत्या चिमट्याने उचलला तर गोळा होतो, म्हणून व्हॅसलिनच्या गॉझवर चिकटवून ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावा लागतो. इन्फेक्शन झालं की गेला. जखमेवर बसला तरी पहिले कितीतरी महिने साध्या घासण्याने फोड येतात, कारण वरचा थर खालच्याला पकडून ठेवणारे जे बारीक धागे असतात ते तयार व्हायला वेळ लागतो. आणि मुख्य म्हणजे त्यात डर्मिस नाही. डर्मिस नसेल तर त्वचा आखडते, सांधे ओढले जातात, पेशंट वाचतो पण हात सरळ करू शकत नाही.

डर्मिससाठी वेगळा रस्ता निघाला, तो पेशींचा नव्हता. जॉन बर्क हे सर्जन आणि योआनिस यानास हे एमआयटीचे इंजिनिअर, या दोघांनी गाईच्या स्नायुबंधातलं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतून काढलेला एक घटक मिसळून स्पंजसारखी जाळी बनवली, वर सिलिकॉनचा थर. १९८१ मध्ये त्याचे पेशंटवरचे निकाल आले, १९९६ मध्ये इंटेग्रा नावाने त्याला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधं-उपचारांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता मिळाली. ही जाळी जखमेवर ठेवायची, दोन-तीन आठवड्यांत पेशंटच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्या छिद्रांत शिरतात, जाळी हळूहळू विरघळते आणि तिथे डर्मिससारखं काहीतरी तयार होतं, मग सिलिकॉन काढून त्यावर अगदी पातळ ग्राफ्ट. यात गंमत ही की बाहेरून एकही पेशी घातलेली नाही. छिद्रांचा आकार आणि जाळी विरघळायचा वेग एवढंच नीट जमवलं, आणि शरीराने व्रण करायच्या ऐवजी वेगळं वागायला घेतलं. टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे शरीराचे भाग लॅबमध्ये घडवण्याच्या या क्षेत्रात, मला सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण हेच वाटतं, कारण लोकांना वाटतं की सगळा खेळ पेशींचा आहे.

बाकीचे प्रकार पटकन सांगते. ॲप्लिग्राफ, १९९८ पासून, पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी. त्यात नवजात बाळांच्या सुंता केलेल्या त्वचेतल्या पेशी असतात, त्या कायम राहत नाहीत, काही आठवडे सिग्नल देतात आणि जातात, म्हणजे एक प्रकारचं जिवंत ड्रेसिंग. स्ट्राटाग्राफ २०२१ मध्ये मान्य झालं, तेही साधारण त्याच जातीचं पण भाजलेल्यांसाठी. आणि ऑस्ट्रेलियाच्या फियोना वुड यांची स्प्रे पद्धत, पेशंटचीच त्वचा थोडी घेऊन ऑपरेशन थिएटरमध्येच पेशी सुट्या करून जखमेवर फवारायच्या. २००२ च्या बाली बॉम्बस्फोटातल्या जखमींवर ती वापरल्यावर तिचं नाव सगळीकडे झालं, एफडीएची मान्यता २०१८ मध्ये. तिचा एक फायदा असा की रंगाच्या पेशीही सोबत जातात त्यामुळे त्वचेचा रंग बराच जुळतो.

आता तो किस्सा जो मी सगळ्यांना सांगते. २०१५ मध्ये जर्मनीत बोखुमला सात वर्षांचा एक सीरियन निर्वासित मुलगा ॲडमिट झाला. त्याला एपिडर्मोलायसिस बुलोसा होता, जन्मजात आजार, वरचा थर खालच्याला धरून ठेवणारं एक प्रोटीन बनतच नाही, नुसत्या स्पर्शाने त्वचा निघून येते. शरीरावरची बहुतेक त्वचा गेलेली होती. इटलीतल्या मोदेनाच्या मिकेले दे लुका यांच्या टीमने त्याच्या त्वचेचा जरासा तुकडा घेतला, पेशींमध्ये त्या जीनची चांगली प्रत घातली, पापुद्रे वाढवले आणि सर्जननी त्याच्या अंगावरची सुमारे ८० टक्के त्वचा बदलली. २०१७ मध्ये हे छापून आलं तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता, फुटबॉल खेळत होता.

मुलगा वाचला हे तर आहेच, पण त्यातून आणखी एक गोष्ट कळली जी तुमच्या क्लिनिकवाल्या पॅकेजला थेट लागू होते. जीन घालताना ते प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये वेगळ्या जागी जाऊन बसतं, त्यामुळे प्रत्येक पेशीवर जणू शिक्काच बसला, पुढे तिची पिल्लावळ ओळखता येते. काही महिन्यांनी तपासलं तर आख्खी नवी त्वचा ही अगदी थोड्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेम सेलच्या वंशातली निघाली, बाकीच्या लाखो-करोडो पेशी आल्या आणि झडून गेल्या. या टिकाऊ पेशींना होलोक्लोन म्हणतात, बारांदोन आणि ग्रीन यांनी १९८७ मध्येच त्यांचं वर्णन केलं होतं. म्हणजे किती पेशी लावल्या हा आकडा जवळपास निरर्थक आहे, त्यात कुठल्या पेशी होत्या आणि त्यांना बसायला जागा कशी मिळाली हे महत्त्वाचं. कोणी तुम्हाला कोटीत आकडा सांगायला लागला की हे आठवा. (याच वाटेवरचा, या आजाराच्या दुसऱ्या प्रकारासाठीचा, जीन दुरुस्त केलेल्या पापुद्र्यांचा उपचार २०२५ मध्ये एफडीएने मान्य केला, तेव्हा हे आता एका मुलापुरतं राहिलेलं नाही.)

इतकं सगळं होऊनही या वाढवलेल्या त्वचेवर केस येत नाहीत. घामाच्या ग्रंथी येत नाहीत. मोठ्या प्रमाणात भाजून बरे झालेले लोक उन्हाळ्यात किती हैराण होतात ते बघितलंय मी, अंगाच्या मोठ्या भागाला घामच येत नाही, पंख्याखालून हलत नाहीत. म्हणजे आपण झाकण बनवायला शिकलो, अवयव नाही.

केस हा अवयव आहे, हे नीट ध्यानात घ्या, कारण लोक केस म्हणजे बाहेर दिसणारा धागा समजतात. खालचं मूळ म्हणजे फॉलिकल, त्याच्या मधल्या भागात एक फुगीर जागा असते, बल्ज, तिथे स्टेम सेल राहतात, हे कोत्सारेलिस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं. आणि अगदी तळाशी डर्मल पॅपिला नावाचा छोटासा गोळा असतो, तो डर्मिसच्या जातीच्या पेशींचा. केस उगवायचा की नाही, किती जाड, किती दिवस वाढायचा, हे सगळं हा गोळा ठरवतो. बल्जमधल्या स्टेम सेल म्हणजे गवंडी आणि पॅपिला म्हणजे मुकादम समजा. मुकादमाने हाक मारली की गवंडी कामाला लागतात, डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं, दोन-तीन महिने विश्रांती, जुना केस गळतो, पुन्हा हाक. रोज पन्नास-शंभर केस गळणं यातलंच, त्याची काळजी करू नका.

मुकादमाची ताकद किती, तर १९८४ मध्ये कॉलिन जहोदा आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मिशांच्या मुळातल्या पॅपिला पेशी डिशमध्ये वाढवून दुसरीकडे लावल्या आणि तिथे केस आला. १९९९ मध्ये तर त्यांनी एका पुरुषाच्या डोक्यावरच्या मुळाच्या तळाचं आवरण घेऊन एका स्त्रीच्या हातावर लावलं, नवीन केस उगवले, आणि शरीराने ते टाकूनही दिले नाहीत. तेव्हा सगळ्यांना वाटलं झालं काम, पाच-दहा वर्षांत टक्कल इतिहासजमा. चार केसांपासून मुकादम घ्यायचे, डिशमध्ये वाढवून हजारो करायचे, टोचायचे, संपलं.

झालं असं, की माणसाच्या पॅपिला पेशी सपाट डिशमध्ये वाढवल्या की त्या संख्येने वाढतात पण मुकादमपण विसरतात. काही फेऱ्यांनंतर दिसायला साध्या फायब्रोब्लास्टसारख्या, म्हणजे डर्मिसमधल्या सर्वसाधारण पेशींसारख्या, होतात आणि टोचल्या तर काहीच होत नाही. २०१३ मध्ये हिगिन्स, क्रिस्टियानो आणि जहोदा यांनी त्या पेशी लटकत्या थेंबात वाढवल्या, म्हणजे त्या आपोआप गोळा होऊन बसतात, आणि मग माणसाच्या केस नसलेल्या त्वचेत घालून ती त्वचा उंदरावर लावली. सात डोनरपैकी पाचांच्या पेशींनी नवे केस आणले. कारण काय, तर नुसतं शेजाऱ्याला चिकटून गोळ्यात बसल्याने त्यांची जुनी ओळख थोडी परत आली. थोडीच, पूर्ण नाही. उगवलेले केस बारीक, संख्येने कमी.

आणि आता तुमच्या टकलाबद्दलचं महत्त्वाचं. २०११ मध्ये गार्झा, कोत्सारेलिस वगैरेंनी एकाच माणसाच्या डोक्याचा टकलाचा भाग आणि केसाळ भाग यांची तुलना केली. टकलाच्या भागात स्टेम सेल तेवढ्याच होत्या! कमी होत्या त्या स्टेम सेलपासून पुढे तयार होणाऱ्या, कामाला लागलेल्या पेशी. म्हणजे पुरुषी टकलात गवंडी जागेवर हजर आहेत, मुकादमाचा आवाज बसलाय, कारण पुरुष हार्मोनपासून बनणारं डीएचटी त्या पॅपिलावर वर्षानुवर्षं परिणाम करत राहतं आणि मूळ दर फेऱ्याला लहान होत जातं. मग तिथे पोटाच्या चरबीतून काढलेल्या आणखी पेशी नेऊन टोचल्याने नेमकं काय होणार, हे मला आजवर कुठल्याही पॅकेजवाल्याने नीट समजावलेलं नाही.

पेशी वाढवून टोचायच्या ट्रायल झाल्यात, नाही असं नाही. जपानमध्ये मुळाच्या तळाच्या आवरणातल्या पेशी वाढवून ६५ जणांच्या डोक्यात टोचल्या, २०२० मध्ये निकाल आला. डोसचे तीन प्रकार होते आणि सहा-नऊ महिन्यांनी प्लासिबोच्या, म्हणजे पेशी नसलेल्या खोट्या इंजेक्शनच्या, तुलनेत फरक दिसला तो सगळ्यात कमी पेशींच्या डोसला. फरकही बेताचाच. पुन्हा तेच, आकड्याने काही होत नाही.

तुम्ही वाचलेली बातमी बहुतेक कार्ल कोहलर यांच्या टीमची असणार, २०२० ची. त्यांनी प्लुरिपोटंट स्टेम सेल घेतल्या, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातलं काहीही बनू शकतं अशा. गर्भात त्वचा बनताना जे सिग्नल ज्या क्रमाने येतात तेच क्रमाने दिले आणि चार-पाच महिने वाट बघितली. डिशमध्ये छोट्या पिशव्या तयार झाल्या, त्यात एपिडर्मिस, डर्मिस, चरबी, तेलग्रंथी, रंगाच्या पेशी, नसासुद्धा, आणि केसांची मुळं. फक्त ती पिशवी उलटी, त्वचेची बाहेरची बाजू आत. ती उंदराच्या पाठीवर लावली तर उलगडली आणि दोन ते पाच मिलिमीटरचे केस बाहेर आले. मी ते फोटो बघून कितीतरी वेळ दुसरं काही काम केलं नाही त्या दिवशी. इथे मुकादम आणि गवंडी दोघंही एकत्र जन्मले, एकमेकांशी बोलत वाढले, म्हणून जमलं.

पण हे पेशंटच्या डोक्यावर का आणता येत नाही अजून, तर ती त्वचा वयाने गर्भातल्या मधल्या महिन्यांच्या बाळाची आहे. ज्या उंदरावर लावली त्याला प्रतिकारशक्ती नव्हती. पिशवी मिलिमीटरमध्ये, व्रण तळहाताएवढा. केसांची दिशा आपल्या हातात नाही, आणि डोक्यावरचा भोवरा कधी नीट बघितलात तर दिशेचं महत्त्व कळेल. शिवाय प्लुरिपोटंट पेशींतली एखादी जरी न बदललेली तशीच शिल्लक राहिली तरी तिचा ट्यूमर होऊ शकतो. जीव वाचवायला हा धोका घेणं वेगळं, केसांसाठी घेणं वेगळं. त्यामुळे या कामाचा पहिला उपयोग औषधं तपासायला आणि त्वचेचे जन्मजात आजार समजून घ्यायला होईल असं मला वाटतं. लॅबमध्ये बनवलेली साधी त्वचा तशी वापरात आहेच, युरोपात २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेली कॉस्मेटिक्स विकायला बंदी आहे, तिथे त्वचेची जळजळ होते का हे अशा त्वचेवरच बघतात.

तिसरी एक दिशा आहे आणि भावासारख्यांसाठी माझा जास्त जीव तिथे अडकलाय: पेशी आणून लावण्याऐवजी जखमेलाच व्रण करू न देणं. गर्भातल्या बाळाला सुरुवातीच्या महिन्यांत जखम झाली तर व्रण राहत नाही. आफ्रिकेतला काटेरी उंदीर त्वचेचे मोठे तुकडे गमावतो आणि केसांसकट परत आणतो, हे २०१२ मध्ये नोंदलं गेलं. साध्या उंदरातही मोठ्या जखमेच्या मधोमध नवीन केसांची मुळं तयार होतात हे २००७ मध्येच दिसलं होतं. आणि २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी डोळ्यांच्या एका आजारात वापरलं जाणारं व्हर्टेपोर्फिन हे औषध उंदराच्या जखमेत टोचलं, त्याने जखमेवरचा ताण पेशींना जाणवून देणारा सिग्नल बंद होतो, तर ती जागा केस आणि ग्रंथींसकट भरून आली. उंदरांची त्वचा सैल असते, माणसाची घट्ट, त्यामुळे लगेच उड्या मारायचं कारण नाही, आणि कृपा करून कोणी हे औषध कुठून मिळवून टोचून घेऊ नका. पण विचार योग्य आहे.

बरं, आता करायचं काय.

भावासाठी. व्रण जुना, स्थिर असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय बहुतेक वेळा टिश्यू एक्स्पांडर. व्रणाशेजारच्या केसाळ त्वचेखाली सिलिकॉनची पिशवी ठेवतात, काही आठवडे थोडं थोडं सलाइन भरतात, त्वचा ताणली जाऊन वाढते, मग व्रण कापून टाकून ती त्वचा त्यावर ओढून घेतात. डोक्याच्या निम्म्या भागापर्यंतची जागा याने झाकता येते. नवीन मुळं तयार होत नाहीत, आहेत तीच जास्त जागेत पसरतात, पण डोळ्याला घनता कमी वाटत नाही. मधले ते फुगलेल्या डोक्याचे आठवडे कठीण जातात, हे आधीच सांगून ठेवा त्याला. छोटा व्रण असेल तर टप्प्याटप्प्याने कापूनही काढतात. एक्स्पांडर नको असेल तर मागून केस घेऊन व्रणात हेअर ट्रान्सप्लांट होतो, फक्त व्रणात रक्तपुरवठा कमी म्हणून केस कमी जगतात, त्यामुळे शहाणा सर्जन आधी छोट्या जागेत लावून काही महिने बघतो, काही जण आधी चरबी भरून व्रण मऊ करतात. आणि केसांचा विषय बाजूला ठेवून एक सांगते: जुन्या भाजल्याच्या व्रणावर कधीही न भरणारी जखम झाली, चिघळत राहिली, तर मलमं लावत बसू नका, लगेच दाखवून बायॉप्सी करा, अशा व्रणात क्वचित कॅन्सर होतो.

तुमच्यासाठी. आधी स्किनच्या डॉक्टरकडून हे पुरुषी टक्कलच आहे ना ते बघून घ्या, कारण आजारपण, लोहाची कमतरता, थायरॉइड यानेही केस जातात आणि तो प्रकार वेगळा. चाईचे गोल ठिपके असतील तर तो प्रतिकारशक्तीचा आजार, त्यासाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या मान्य आहेत. काही आजारांत बल्जच जळून जातं, तिथे त्वचा भावाच्या व्रणासारखी गुळगुळीत होते आणि उशीर केला तर काहीच परत येत नाही. पुरुषी टक्कलच असेल तर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड, जुनी, कंटाळवाणी, पण परिणाम माहीत असलेली औषधं. फिनास्टराइड डीएचटी कमी करतं, म्हणजे थेट मुकादमाची तब्येत सांभाळतं. काही जणांना लैंगिक तक्रारी होतात, ते डॉक्टरशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. निदान सहा महिने-वर्ष दिल्याशिवाय निकाल ठरवू नका, आणि बंद केलं की फायदाही जातो. लवकर सुरू करण्यात अर्थ आहे, कारण लहान झालेलं मूळ काही प्रमाणात मोठं होतं, गेलेलं परत येत नाही.

पॅकेजवाल्याला विचारा की सिरिंजमध्ये नक्की काय आहे. बहुतेक वेळा उत्तर पीआरपी निघतं, म्हणजे तुमच्याच रक्तातले प्लेटलेट्स. त्याचा काही जणांना थोडा उपयोग होतो, त्याला माझा विरोध नाही, पण त्यात स्टेम सेल नसतात आणि पैसे स्टेम सेलचे घेऊ नयेत. चरबीतून काढलेल्या पेशी म्हणाले तर त्या मिश्र पेशी, त्यापासून केसाचं मूळ बनत नाही. एक्सोसोम, म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्या, म्हणाले तर, एफडीएने त्यातलं एकही उत्पादन मान्य केलेलं नाही आणि २०१९ मध्ये लोकांना सावध केलंय. सफरचंदाच्या स्टेम सेलचं सीरम म्हणाले तर उठून या, झाडाच्या पेशींचा अर्क माणसाच्या डोक्यात केस कसा उगवेल. ट्रायल आहे असं म्हणाले तर नोंदणी क्रमांक मागा, आणि ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे घेत असतील तर तिथेच शंका घ्या.

केस आत्ताच गोठवून ठेवू का, असंही हल्ली विचारतात, पुढे तंत्र आलं की वापरता येतील म्हणून. पेशी गोठवता येतात, त्यात काही कठीण नाही, पण पुढचं तंत्र नेमक्या कुठल्या पेशींपासून सुरू होईल हे ठरलेलं नसताना पैसे भरत राहण्यात मला अर्थ दिसत नाही. डोक्याच्या मागच्या आणि कानावरच्या पट्ट्यातले केस डीएचटीला दाद देत नाहीत, पुढे लावले तरी तसेच राहतात, ओरेंट्राइखने १९५९ मध्ये हेच दाखवलं आणि सगळं ट्रान्सप्लांट त्यावरच उभं आहे. तो पट्टा तुमच्याकडे आहेच. फक्त स्वस्तात मिळतंय म्हणून घाईत ट्रान्सप्लांट करून तो उधळू नका, तिथली मुळं मोजकीच असतात आणि काढलेल्या जागी परत येत नाहीत.

भावाला प्लास्टिक सर्जनकडे न्याल तेव्हा भाजल्याच्या वेळची जुनी कागदपत्रं सापडली तर सोबत ठेवा. तेव्हा ग्राफ्ट लावला होता की जखम आपोआप भरली, आणि खाली हाडापर्यंत भाजलं होतं का, या दोन गोष्टी कळल्या की एक्स्पांडर ठेवता येईल का ते सर्जन बरंचसं तिथेच सांगू शकतो.